लिमिट, रोनम आणि चुकलेली यादी: माझा अनुभव

पुण्यात बाणेरच्या कार्यालयात आम्ही तयार करतो ते अहवालांचे सॉफ्टवेअर क्वेरी (डेटाबेसकडून माहिती मागवणारी आज्ञा) स्वतःच रचते. पोस्टग्रेस या डेटाबेसवर ते सुरळीत चालत होते. मात्र ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसची ११जी आवृत्ती वापरणारी एक पतसंस्था जोडली गेली, तेव्हा दर पानावर २० नोंदी दाखवणारी यादी पहिल्याच क्वेरीला अडली, कारण त्या आवृत्तीत नोंदींची संख्या मर्यादित करणाऱ्या ‘लिमिट’ची सोयच नाही.

‘लिमिट’ऐवजी ‘रोनम <= २०’ ही अट (रोनम म्हणजे ओरॅकल ओळींना देतो तो क्रमांक) लावणे हा सहज सुचणारा उपाय; त्याने एरर गेला, पण ठेवींची यादी भलतीच येऊ लागली. ओरॅकल एकाच क्वेरीत ओळींना रोनम आधी देतो आणि ऑर्डर बाय, म्हणजे क्रमवारी, नंतर लावतो, त्यामुळे सर्वांत मोठ्या २० ठेवींऐवजी आधी हाती लागलेल्या कोणत्याही २० ठेवी क्रमाने मांडल्या जात होत्या. असा दोष एररपेक्षा घातक, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही. क्रमवारी आतल्या सबक्वेरीत (क्वेरीतल्या क्वेरीत) ठेवून अट बाहेर लावल्यावर यादी बरोबर आली.

त्यानंतर क्वेरीच्या तयार मजकुरात शब्द बदलण्याची पद्धतच मी काढून टाकली. आता कॉलम, अटी, क्रम आणि नोंदींची संख्या वेगवेगळी ठेवली जाते आणि त्यांतून प्रत्येक डेटाबेससाठी स्वतंत्र कोड क्वेरी लिहितो. ओरॅकल १२सी आणि एसक्यूएल सर्व्हर २०१२ यांपासून काही नोंदी वगळून पुढच्या ठरावीक नोंदी आणणारे ‘ऑफसेट’ व ‘फेच’ चालतात, म्हणून आवृत्तीही तपासली जाते. एसक्यूएल सर्व्हरला मात्र त्यासाठी ऑर्डर बाय लागतेच. शिवाय ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) नल, म्हणजे मूल्यच नसलेली, मानतो, म्हणून रिकामेपणा तपासणारी अट तेथे ‘इज नल’ अशी लिहिली जाते.