ब्रेनस्टेम आणि क्रेनियल नर्व्हज: यादी घोकण्याआधी जागा शिका

फर्स्ट एमबीबीएसची मुलं व्हायव्हाच्या आदल्या रात्री बारा क्रेनियल नर्व्हजची (मेंदूशी जोडलेल्या मज्जातंतूंची) यादी घोकतात. सकाळी ट्रेमधल्या स्पेसिमेनवर पिन टोचून "ही कुठली?" असं विचारलं की गप्प होतात. मी डिसेक्शन हॉलमध्ये शिकवते आणि माझं ठाम मत आहे, आधी जागा शिकायची, यादी सगळ्यात शेवटी. नर्व्ह कुठून निघते ते डोळ्यांनी पाहिलं की तिचं काम लक्षात राहायला फार कष्ट पडत नाहीत.

ब्रेनस्टेमचं, म्हणजे मेंदूला स्पायनल कॉर्डशी जोडणाऱ्या देठाचं, स्पेसिमेन हातात घ्या. आडव्या रेषांचा फुगीर पॉन्स तुमच्याकडे, वर मिडब्रेनचे दोन जाड खांब, खाली निमुळता होत जाणारा मेड्युला. सगळं मिळून जेमतेम ७-८ सेंटिमीटर. पहिली आणि दुसरी नर्व्ह इथे शोधू नका, त्या ब्रेनस्टेममधून निघतच नाहीत.

आता वरून खाली उतरा. तिसरी त्या दोन खांबांच्या मधल्या खड्ड्यातून बाहेर येते. धमन्या शाबूत असतील तर ती पोस्टेरिअर सेरेब्रल आणि सुपिरिअर सेरेबेलर यांच्या मधून जाताना नक्की पाहा. चौथी समोरून दिसणार नाही. स्पेसिमेन उलटं करा आणि मिडब्रेनच्या पाठीवरच्या खालच्या उंचवट्याच्या, म्हणजे इन्फिरिअर कॉलिक्युलसच्या लगेच खाली बघा. दोऱ्याइतकी बारीक असते ती. कवटीतून मेंदू काढताना ती बहुधा तुटते, त्यामुळे नुसतं टोकच सापडलं तरी समाधान माना. मागच्या बाजूने निघणारी ही एकटीच, आणि बाहेर पडण्याआधी ती बाजूही बदलते. पाचवी पॉन्सच्या कडेला, सेरेबेलमकडे (छोट्या मेंदूकडे) जाणाऱ्या जाड पट्ट्याच्या, म्हणजे मिडल सेरेबेलर पेडंकलच्या सुरुवातीला. ती इतकी जाड आहे की चुकणार नाही. पॉन्स आणि मेड्युलाच्या सांध्यात तीन आहेत: मध्याजवळ, मेड्युलावरच्या पिरॅमिड नावाच्या उंचवट्याच्या वरच्या टोकाला सहावी, कडेला, सेरेबेलमच्या कोपऱ्यात सातवी आणि आठवी जोडीने.

मेड्युलावर मात्र घाई करू नका. मध्यरेषेलगत पिरॅमिड, त्याच्या बाहेर ऑलिव्हचा लांबट उंचवटा. ऑलिव्हच्या पुढच्या खाचेतून बारावी निघते, मागच्या खाचेतून नववी, दहावी आणि अकरावी. ही मुळं फार नाजूक असतात. वरचा अरॅकनॉइडचा पडदा चिमट्याने ओढलात तर मुळंही त्याच्याबरोबर निघून येतात आणि पुढच्या बॅचला दाखवायला काही उरत नाही. स्पेसिमेन पाण्यात बुडवा, मऊ ब्रशने पडदा हळूहळू बाजूला करा, मुळं आपसूक मोकळी दिसतात. अकरावीचा मोठा भाग मुळात मानेतल्या स्पायनल कॉर्डमधून येतो. तो कवटीच्या तळाच्या मोठ्या भोकातून, फोरॅमेन मॅग्नममधून वर चढून कवटीत शिरतो आणि नववी-दहावीच्या सोबतीने ज्युग्युलर फोरॅमेन या दुसऱ्या भोकातून बाहेर पडतो. हा उलटा प्रवास बोट फिरवून स्वतः दाखवता आला पाहिजे.

बाहेरचं जमलं की कागद घ्या. तिसरी, चौथी, सहावी आणि बारावी यांची मुख्य मोटर (हालचालीची) न्यूक्लियसं, म्हणजे पेशींचे पुंजके, मध्यरेषेलगत काढा. ३, ४, ६, १२ या साऱ्यांनी बाराला पूर्ण भाग जातो. बाकीच्यांची कडेला. पॉन्स-मेड्युलाच्या मागच्या पोकळीच्या, म्हणजे फोर्थ व्हेंट्रिकलच्या तळाशी मोटर आत आणि सेन्सरी (संवेदनेची) बाहेर, मध्ये सल्कस लिमिटन्सची रेघ. एक आकृती मात्र न बघता काढता आलीच पाहिजे: सातवीचे तंतू सहावीच्या न्यूक्लियसला मागून वळसा घालतात, तिथला उंचवटा म्हणजे फेशियल कॉलिक्युलस. इथे छोटीशी इजा झाली तरी त्या बाजूला नजर वळत नाही आणि त्याच बाजूचा चेहरा कपाळासकट लुळा पडतो.

मग रूममेटला समोर बसवा. टॉर्चचा उजेड दुसरीतून आत जातो, बाहुली आकसण्याचा हुकूम तिसरीतून येतो. "आ" म्हणायला लावा: दहावी निकामी असेल तर पडजीभ चांगल्या बाजूला ओढली जाते. जीभ बाहेर काढायला सांगा: बारावी गेली असेल तर जीभ बिघडलेल्या बाजूला वळते. या दोन उलट दिशा मुलं हमखास चुकवतात. कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) कापूस लावण्याची चाचणी मात्र खोलीत करू नका, ती वॉर्डात, सीनियरच्या देखरेखीखाली शिका. त्यात पाचवी संवेदना नेते आणि सातवी डोळा मिटवते.

हे रिफ्लेक्स, म्हणजे आपोआप होणाऱ्या प्रतिक्रिया, नुसत्या परीक्षेपुरते नाहीत. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशाच्या ठरावांवरून संसदेने १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. त्यानुसार ब्रेनस्टेम मृत्यू ठरवताना चार डॉक्टरांचं मंडळ याच नर्व्हज एकेक करून तपासतं, आणि किमान ६ तासांनी पुन्हा तपासतं. बाहुल्या, कॉर्निया, घशाचा आणि खोकल्याचा रिफ्लेक्स, आणि शेवटी श्वास: व्हेंटिलेटर काढून, ऑक्सिजन चालू ठेवून, रक्तात कार्बन डायऑक्साइड पुरेसा साठला तरी मेड्युला श्वास सुरू करतो का ते पाहतात. म्हणून "पासिंगपुरतं करतो" हे मी या धड्यासाठी ऐकून घेत नाही.

आता केसेस सोडवा. नियम एकच: नर्व्ह पातळी सांगते, हातापायाची लक्षणं त्या पातळीला दुजोरा देतात. डावी पापणी मिटलेली, डावी बाहुली मोठी, उजवे हातपाय लुळे. तिसरी म्हणजे मिडब्रेन. मोटर तंतू मेड्युलाच्या तळाशी बाजू बदलतात, म्हणून इजा डाव्या खांबात. दुसरी केस: अचानक चक्कर, आवाज घोगरा, गिळता येत नाही, चेहऱ्याच्या उजव्या बाजूला आणि अंगाच्या डाव्या बाजूला वेदना व गरम-थंड कळत नाही, हातापायांत जोर मात्र शाबूत. कागदावर मेड्युलाचा छेद काढा. जोर आहे म्हणजे मोटर तंतूंची वाट असलेला पिरॅमिड वाचला, घोगरा आवाज म्हणजे दहावी. ऑलिव्हच्या मागे, उजव्या कडेला पेन्सिलने डाग भरा. वॉलेनबर्ग सिंड्रोमची जागा तीच.