पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या तक्रारीचे दप्तर कसे वाचावे

संघराज्यात गेल्यामुळे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या तिजोरीवर काय परिणाम झाला, याची चौकशी १९२४-२५ साली एका रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने केली. अध्यक्ष विल्यम हिग्ज, म्हणजे माजी केंद्रीय खजिनदार. मी पर्थमध्ये हिशेब तपासते. या दप्तराकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एकच: निष्कर्षांवर उडी मारू नका, आधी तक्रार समजून घ्या. जकातीच्या भिंतीआड पूर्वेकडचे कारखाने वाढले आणि इथल्या शेतकऱ्याला, खाणवाल्याला यंत्रे महाग पडली, हे गाऱ्हाणे समजले की पुढचे आकडे बोलू लागतात.

शोध ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘रेकॉर्डसर्च’ सूचीत सुरू करा. नुसते ‘फेडरेशन’ टाकलेत तर ढीग अंगावर येईल. ‘फायनान्सेस ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया’ हे शब्द टाका. आधी कमिशन, मग त्याची मालिका (एकत्र ठेवलेल्या फाइलींचा गट), मग एकेक फाइल, असे उतरत जा. फाइलवर ‘अजून तपासलेली नाही’ असा शेरा दिसला तर निराश होऊ नका, ती खुली करण्याची विनंती करता येते. जुन्या सरकारी फाइलींत नवे पत्र वर लावत, म्हणून वाचन तळापासून करा. राज्याची बाजू पर्थच्या राज्य अभिलेखागारात शोधा आणि त्या काळची वर्तमानपत्रे ‘ट्रोव्ह’ या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ऑनलाइन संग्रहात चाळा.

खरी मेहनत रकमांवर घ्या. कमिशनने वर्षाला ४,५०,००० पौंडांची शिफारस केली, ती केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या माणशी २५ शिलिंगांच्या नेहमीच्या वाटपाव्यतिरिक्त. पण ही सगळी नवी रक्कम नव्हे! १९१० पासून राज्याला एक खास अनुदान मिळत होते, दरवर्षी १०,००० पौंडांनी घटणारे; तेही यातच धरलेले होते. ते वजा केल्याशिवाय तुलना करणे म्हणजे राज्यावर अन्याय आणि केंद्रावरही. पुढे १९२६-२७ पासून पाच वर्षे प्रत्यक्षात मिळाले वर्षाला ३,००,००० पौंड. मागणी, शिफारस, मंजुरी असे तीन रकाने आखा आणि प्रत्येक आकड्याशेजारी मालिका क्रमांक, फाइल क्रमांक नि पान लिहा.

सदस्यांची वेगळी मतेही सोडू नका. राज्याने संघराज्यातून बाहेर पडणे हाच पुरा उपाय, असे एका सदस्याने तेव्हाच नोंदवले होते. १९३३ च्या सार्वमतात इथल्या मतदारांनी जवळपास दोनास एक असा तोच कौल दिला.