थान्यात नेलं? आधी वेळ लिहून ठेवा

पोरगं पोलीस थान्यात नेलं असा फोन आला की आपल्या इंदुरात पहिली धावपळ असते ओळखीचा नेता शोधायची, तो शोधा हवं तर, पण आधी किती वाजता आणि कुठून उचललं ते घरातल्याच कोणालातरी व्हॉट्सॅप करून ठेवा. मागे आमच्या रामबागेतल्या एका मुलाला रात्री साडेनऊला टपरीवरून नेलं आणि अरेस्ट मेमोत, म्हणजे अटकेच्या कागदात, वेळ टाकली दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची! साडेसोळा तास गायब. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेलंच पाहिजे, प्रवासाचा वेळ तेवढा सोडून, हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्येच आहे, पण ते मोजणार कुठून? शेवटी कामी आला चहाचे वीस रुपये फोनवरून दिल्याचा मेसेज, ९ वाजून २४ मिनिटांचा, वकिलाने तोच कोर्टात दाखवला.

थान्यात टीआयशी, म्हणजे थान्याच्या मुख्य साहेबाशी, हुज्जत नको, एवढंच विचारा की अटक आहे का नुसती पूछताछ. अटक असेल तर कारण लेखी मागा, मेमोवर घरच्या किंवा मोहल्ल्यातल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, ती करताना वेळ वाचा. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा जुना कायदा सीआरपीसी जाऊन बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आलंय, त्यामुळे जुने कलम नंबर पाठ असणारे काका लोक जरा गडबडतात. सात वर्षांपर्यंतच्या सजेच्या गुन्ह्यात बहुतेक वेळा आधी बीएनएसएसच्या कलम ३५(३) ची, थान्यात हजर व्हा म्हणणारी, नोटीस येते, ती आली तर जा, गेलात तर सहसा अटक टळते.

कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही, "सही कर, सोडतो" म्हटलं तरी नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत. मारलं असेल तर मुलाहिजाच्या, म्हणजे सरकारी डॉक्टरी तपासणीच्या, वेळी डॉक्टरला दाखवा आणि मॅजिस्ट्रेटलाही स्वतःहून सांगा.

वकिलाला पैसे नाहीत? कस्टडीतल्या कोणालाही सरकारकडून स्वतःसाठी वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो, १५१०० या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि ६० किंवा ९० दिवसांत, गुन्ह्याप्रमाणे, चालान (कोर्टातलं आरोपपत्र) आलं नाही तर जामिनाचा हक्क होतो, पण आपोआप कोणी सोडत नाही, अर्ज द्यावा लागतो आणि अर्जाआधी चालान आलं की तो हक्क गेला, म्हणून रिमांडची, म्हणजे मॅजिस्ट्रेटने कोठडी दिल्याची, पहिली तारीख धरून कॅलेंडरवर खुणा करत जा.