स्वारगेटला मेट्रो, दादरला लोकल: सातारा-सांगलीकरांसाठी

साताऱ्याची एसटी स्वारगेटला सोडते, सांगली-कराड करत आलेली महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी दादरला. पुढे पुण्यात मेट्रो, मुंबईत लोकल. दोन्हीकडची रीत अगदी उलटी. मेट्रोत दार उघडेपर्यंत थांबायचं, लोकलमध्ये स्टेशन यायच्या आधीच दार गाठायचं. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की घोटाळा होतो.

आधी पुणे, कारण ते सोपं. स्वारगेटचं मेट्रो स्टेशन जमिनीखाली आहे. सामान एक्स-रेमधून जातं. गावाकडून नेलेली विळी किंवा कोयता तिथेच अडतो, तेव्हा तो पिशवीत घालूच नका. तिकिटाचा क्यूआर कोड आत जाताना लागतो तसाच बाहेर पडतानाही. आत गेल्यावर कागद चुरगाळून टाकला की पलीकडचं गेट उघडणार नाही. चौघांचे कोड एकाच मोबाईलवर असतील तर मोबाईलवाल्याने शेवटी जायचं: आधी तिघांना एकेक कोड दाखवून सोडा, मग स्वतः. तो आधी आत गेला की बाकीचे गेटवर ताटकळतात आणि मागची रांग चिडते.

डेक्कन, कोथरूड किंवा पुणे स्टेशनला जायचं तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला. तिकीट मात्र थेट शेवटच्या ठिकाणाचं काढा, मध्ये गेटबाहेर पडू नका. स्वारगेटहून येणारी गाडी तिथे सुमारे 33 मीटर खोल थांबते, दुसरी वर पुलावरून धावते. वनाझकडची गाडी डेक्कन-कोथरूडची, रामवाडीकडची पुणे स्टेशनची. वर जायला सरकते जिने बरेच आहेत. आजीला नऊवारीत त्यावर चढवण्यापेक्षा लिफ्ट शोधा. आजी चढल्याच तर पदर खोचलेला हवा आणि पाय पिवळ्या पट्टीच्या आत.

डब्यात खायचं नाही, म्हणजे सांगलीचं भडंगही पिशवीतच. फोनवर रानात हाक मारल्यासारखं बोलू नका. डबा शांत असतो, तुमच्या जमिनीचा वाद सगळ्यांना ऐकू जातो.

आता मुंबई. दादरपर्यंतचं एक्सप्रेसचं तिकीट दादरलाच संपतं, लोकलचं वेगळं काढा. मग इंडिकेटर बघा: गाडी कुठपर्यंत, धीमी की जलद, 12 डब्यांची की 15. जलद गाडी मधली बरीच स्टेशनं सोडते, म्हणून तुमच्या स्टेशनला थांबते का ते चढण्याआधी विचारा. डबाही बघून घ्या. महिलांचा, दिव्यांगांचा आणि फर्स्ट क्लासचा वेगळा असतो. घाईत सेकंडच्या तिकिटावर फर्स्टमध्ये शिरलात तर दंड भरावा लागतो. पोती-गाठोडी असतील तर मालडबा गाठा, नेहमीच्या डब्यात ती सगळ्यांच्या पायात येतात.

गाडी आली की दाराच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं. उतरणारे आधी येतात आणि समोरच्याला सोबत घेऊन जातात. आत शिरलात की सॅक पाठीवरून पोटावर घ्या नाहीतर वरच्या फळीवर ठेवा. तिघांच्या बाकड्यावर चौथा बसतो, तो इथला रिवाज. ‘काका, जरा सरकता का?’ म्हटलं की टेकण्याइतकी जागा होते.

खरी परीक्षा उतरण्याची. जलद गाडीत एक स्टेशन आधीच हलायला लागा. पुढच्याला विचारा, ‘दादर उतरणार?’ हो म्हणाला तर त्याच्या मागे राहा, नाही म्हणाला तर जागा बदलून पुढे व्हा. न विचारता ढकललंत तर ऐकून घ्यावं लागेल. फलाट कोणत्या बाजूला येणार तेही आधीच विचारून ठेवा, नाहीतर दार गाठलं तरी ते चुकीचं निघतं. थांबा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. राहिलंच उतरायचं तर चालत्या गाडीतून उडी नको, पुढच्या स्टेशनवरून परत या.

संध्याकाळी चर्चगेटहून अंधेरी-बोरिवलीला जायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका. बोरिवलीच्याही पुढे विरारला जाणारे लोक आधीच उतरणाऱ्या प्रवाशाला दारापर्यंत येऊ देत नाहीत, आणि तासभर उभं राहून जाणाऱ्यांचं तेही काही अगदीच चुकीचं नाही. बोरिवली लोकल पकडा.