कॉइलओव्हर बसवताय? घाई घरी ठेवून या, आणि या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला पोरगा येतो. डिकीत कॉइलओव्हरचं, म्हणजे गाडीची उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या सेटचं खोकं, वरची टेपसुद्धा फाडलेली नाही. "काका, उद्या सकाळी औट्रम घाटात सगळे जमणारेत, तेवढं बसवून द्या की. चार बोल्टांचं तर काम." मी त्याला चहा पाजतो आणि खोकं परत डिकीत ठेवायला लावतो. चार बोल्टांचंच काम आहे, खरंय. पण ते कधी आवळायचे, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आधी खरेदीबद्दल. स्प्रिंग जितकी कडक तितकी भारी, असा एक समज पसरलाय. हिशोब करून बघा. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन ३६० किलो धरू. ६ किलो प्रति मिलिमीटरची स्प्रिंग त्याखाली ६० मिलिमीटर दबते, १२ किलोची फक्त ३०. म्हणजे खड्डा आला की कडक स्प्रिंगचं चाक ३० मिलिमीटर खाली जाईपर्यंतच जमिनीला दाबून धरतं. पुढे ते नुसतं लटकतं. गुळगुळीत ट्रॅकवर हे चालतं, आमच्या तालुक्याच्या रस्त्यांवर नाही. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत गाडी मस्त पळते म्हणून सांगू नका. समृद्धीवर चढायच्या आधी आणि उतरल्यानंतर काय लागतं ते आठवा.

शिवाय आपल्या गाडीला काय बसतं हे मोजल्याशिवाय पैसे भरू नका. २०१३ नंतरच्या ऑक्टाव्हियात १.४ ला मागे सरळ बीम आणि १.८ ला मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला वेगवेगळे आर्म), दोन्हींचं सामान वेगळं. पुढचा स्ट्रट, म्हणजे शॉकअपचा खांब, जिथे हबच्या कास्टिंगमध्ये घुसतो तिथला व्यास ५० मिलिमीटरही असतो, ५५ ही. व्हर्नियर लावायला दोन मिनिटं लागतात. परदेशातून मागवलेला सेट परत करायला किती लागतात, ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

आता माझं आवडतं दुखणं: हवेत आवळलेले बोल्ट.

ही चूक मी स्वतःच्या गाडीवर केलीय. १.८ ऑक्टाव्हिया, मागची बाजू. गाडी स्टँडवर, चाकं लटकलेली, दुपारचं ऊन, शेड तापलेली. खालच्या आर्मचा, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याचा, आतला बोल्ट मी तिथेच टॉर्कवर (ठरलेल्या जोराने) आवळला आणि मोकळा झालो. खाली उतरवली तर मागची बाजू ठरवल्यापेक्षा बोटभर उंच. मला वाटलं स्प्रिंगची बैठक वरखाली करणाऱ्या रिंगचं माप चुकलं, म्हणून रिंग आणखी खाली फिरवली. शहाणपणा! चार महिन्यांनी पैठण रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर जुन्या दाराच्या बिजागरीसारखी करकर सुरू झाली आणि डावी बाजू उजवीपेक्षा खाली बसली. आर्म काढला. त्याच्या टोकाच्या बुशमध्ये बोट घातलं तर रबराची साल बोटाबरोबर बाहेर आली.

कारण साधं आहे. बुशला बाहेर लोखंडी कडं, आत नळी आणि मध्ये दोन्हींना चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी पक्की पकडली जाते. त्यानंतर आर्म जितका फिरेल तितकं रबर पिळलं जातं. चाक लटकलेलं असताना आवळलं, तर गाडी नुसती दारात उभी असली तरी रबर पिळलेलंच. ते पिळलेलं रबर गाडीला वर ढकलतं, म्हणून उंची खोटी दिसते. रबर फाटलं की गाडी खऱ्या उंचीवर येते, आणि ती तुम्हाला नको असते.

माझी सवय अशी: काम सुरू करण्याआधी मडगार्डच्या कडेला कागदी टेप लावतो आणि हबच्या मध्यापासून कडेपर्यंतचं माप पेनाने त्यावरच लिहितो. जमिनीपासून मोजत नाही, टायरमधली हवा कमीजास्त असली की ते फसवतं. नवी उंची ठरली की हबखाली जॅक लावून चाकाची जागा त्या नव्या मापापर्यंत उचलायची आणि तेव्हाच बुशचे बोल्ट आवळायचे. उंची पुन्हा बदलली तर बोल्ट पुन्हा सैल, पुन्हा आवळ. कंटाळवाणं आहे. आणि टॉर्क देऊन वर अंशात फिरवायचे बोल्ट असतील तर ते नवेच घ्या, जुने ताणलेले असतात.

दुसरी चूक उंचीची. पुढच्या स्ट्रटवर साध्या सेटमध्ये स्प्रिंगची बैठक खाली नेली की गाडी खाली बसते, पण शॉकअपची वरखाली होण्याची जागा त्याच हिशोबात कमी होते. महागड्या सेटमध्ये खालचं ब्रॅकेट वेगळं फिरतं, तिथे ती जागा वाचते. मात्र मग टायर आधी मडगार्डच्या आतल्या लायनरला जाऊन घासतो. वाळूजला कामाला असलेला एक पोरगा माझ्याकडे टकटक घेऊन आला होता. लिंक रॉड दोनदा बदललेले, वरचं माउंटिंग एकदा. गाडी जॅकवर घेतली आणि स्प्रिंग हाताने फिरवली. बांगडीसारखी गरागरा फिरली. बैठक इतकी खाली नेलेली, की चाक लटकलं की स्प्रिंग सुटायची आणि परत बसताना टक्. बैठक वर घेतली, आवाज गेला. पोरगा नाराज, फोटोत गाडी उंच दिसते म्हणे. आता त्याला काय सांगणार? नियमात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आमच्याकडचे उरलेल्या डांबराचे असतात.

रिंग आवळून प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) वाढवला की स्प्रिंग कडक होते, हेही डोक्यातून काढा. सरळ दराच्या स्प्रिंगचा दर, म्हणजे मिलिमीटरमागचे किलो, तोच राहतो.

स्ट्रटच्या वरच्या नटवर इम्पॅक्ट गन (मशीनचा पाना) लावू नका. आतला दांडा गरगर फिरतो आणि सील जातं. अॅलन कीने दांडा धरा, पान्याने नट आवळा.

डॅम्पिंगची, म्हणजे शॉकअप कडक-मऊ करायची, खुंटी आधी हलक्या हाताने पूर्ण बंद करायची आणि तिथून मागे क्लिक मोजायचे. जोर लावाल तर खुंटी जाईल.

ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर स्ट्रटवर मूळ जागीच अडकवा. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, मगच चाक चढवा.

अलाइनमेंट त्याच दिवशी करू नका. दोनतीनशे किलोमीटर चालवा, स्प्रिंग बसू द्या, उंची पुन्हा मोजा, मग करा. अजिबात न करणारेही आहेत. टायरची आतली कड झिजून तारा दिसल्यावर येतात.

विमा कंपनीला आणि आरटीओला बसवण्याआधी विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा.

आणि चुड्या, म्हणजे ज्यांवर रिंग फिरते ते आटे. आमची काळी माती पावसात चुड्यांमध्ये शिरते आणि उन्हाळ्यात सिमेंटसारखी बसते. खोक्यात येतो तो हूक पाना मग रिंगवरून नुसता घसरतो. मी पावसाळ्याआधी चुड्या तारेच्या ब्रशने घासून अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी पेस्ट) लावतो आणि वरून सायकलची जुनी ट्यूब गुंडाळतो. गेल्या वर्षी एका गाडीवर हे राहून गेलं. दिवाळीत रिंग ग्राइंडरने कापून काढावी लागली.