जगाचं राजकारण कळमन्यातून कसं वाचायचं

जगाचं राजकारण समजून घ्यायचं म्हटलं की आपण थेट अमेरिका-चीन धरून बसतो आणि चार दिवसांत सोडून देतो. मी म्हणतो खालून सुरू करा, माणसापासून.

आधी एकच वस्तू पकडा, आपल्याला संत्रा बरा. सकाळी नागपूरच्या कळमना मार्केटला जा, लिलाव चालू असताना मध्ये मध्ये करू नका, माल विकून शेतकरी चहाला बसला की मग बोला. "धोरणाबद्दल काय वाटतं" विचारलं तर भाषणच मिळणार, त्यापेक्षा "भाऊ, मागच्या आंबियाला टनाला काय भाव भेटला, यंदा काहून कमी?" असं विचारा (आंबिया म्हणजे संत्र्याचा एक बहर). मला एका काकांनी हातात बारीक संत्रा ठेवून सांगितलं, "हा माल पहिले बांगलादेशले जाये, आता ज्यूसवाला मागन त्या भावात नेते." हे असंच्या असं तारीख टाकून लिहायचं, आपला अर्थ शेजारच्या पानावर.

मग दोरा धरून वर जा. बांगलादेशचं आयात शुल्क २०१९ मध्ये किलोला २० रुपये होतं, २०२३ पर्यंत ८८ झालं. तिकडे परदेशी चलन कमी पडत होतं, म्हणून २०२२ मध्ये फळांसकट बऱ्याच आयातीवर जादा कर लागला, म्हणजे भारतावर राग वगैरे आधी मनात आणू नका. आणि दोरा उलटाही ओढला जातो बरं का, इथल्या बागायतदारांनी ओरड केली तेव्हा राज्य सरकारने निम्म्या शुल्काएवढं अनुदान जाहीर केलं.

यानंतर निर्णय घेणारा माणूस बघा. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांच्या स्क्रीनवर अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रं सुटल्याचा इशारा आला, खरा हल्ला असता तर पाचच कशाला सोडतील असा विचार करून त्यांनी तो खोटा असल्याचं वर कळवलं, आणि तो खोटाच निघाला. तेव्हा प्रत्येक निर्णयाला तीन गोष्टी लिहा: त्या माणसासमोर माहिती काय होती, वेळ किती होता, चुकलं तर त्याला कोण धरणार होतं.

आणि भाव पडला की लगेच ढाक्याचं नाव घेऊ नका, फळगळ, पाऊस, आवक बघा. त्याच महिन्याचा मोसंबीचा भावही उतरवून घ्या, दोन्ही सोबतच पडले असतील तर कारण आधी इथेच शोधा.