एक देश एक निवडणूक: गावातल्या, वॉर्डातल्या लोकांचं मत नीट कसं विचारायचं

लोकसभा आणि सगळ्या विधानसभा एकदमच घ्यायच्या का, यावर माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीने लोकांकडून सूचना मागवल्या होत्या, मुदत होती 5 ते 15 जानेवारी 2024. दहा दिवस. आल्या किती तर 21,558, आणि देशात मतदार साधारण 97 कोटी. सूचना पाठवणाऱ्यांतल्या 80 टक्के लोकांनी हो म्हटलं असं अहवालात आहे, पण तुमच्या गावात तेव्हा कुणी कुणाला विचारलं होतं का? आमच्याकडे तरी नाही. म्हणून हे काम आपणच करायचं. फार अवघड नाहीये, फक्त नीट करायला पाहिजे.

पहिलं म्हणजे बैठक घेणाऱ्याने स्वतः विधेयक वाचायचं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डवर जायचं नाही. ते 129 वं घटनादुरुस्ती विधेयक, 17 डिसेंबर 2024 ला लोकसभेत आलं, ते मांडायचं का यावर 269 विरुद्ध 198 अशी मतं पडली आणि मग ते दोन्ही सभागृहांतल्या खासदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं. मुद्दा असाय की एका लोकसभेच्या पहिल्या बैठकीच्या दिवशी राष्ट्रपती अधिसूचना काढणार आणि त्यानंतर निवडून आलेल्या सगळ्या विधानसभा त्या लोकसभेबरोबरच संपणार. समजा 2029 ला अधिसूचना निघाली तर महाराष्ट्रात 2029 च्या शेवटी येणारी विधानसभा 2034 च्या मध्यात संपेल, पाच वर्षं भरायच्या आत, आणि उत्तर प्रदेशात 2032 ला आलेली तर दोनच वर्षांत. आणि मधेच सरकार पडून विधानसभा बरखास्त झाली तर निवडणूक होईल पण उरलेल्या मुदतीपुरतीच. हा शेवटचा भाग लोकांना माहीतच नसतो, आणि तो सांगितल्यावर मतं बदलतात, दोन्ही बाजूंनी. त्यामुळे हे सांगितल्याशिवाय हात वर करायला सांगूच नका.

जिल्हा परिषद, महापालिका यात आहेत का हे पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी विचारणारच. या विधेयकात नाहीत. कोविंद समितीने लोकसभा-विधानसभेनंतर 100 दिवसांत त्याही घ्या अशी शिफारस केली होती, पण विधेयकात ते आलेलं नाही. आणि हा विषय निघाला की लोक चिडतात, कारण आपल्याकडे 2022 पासून कितीतरी ठिकाणी प्रशासक बसले होते, वर्षानुवर्षं नगरसेवकच नाही, गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे. त्यांना बोलू द्या. तो राग या विषयाशी जोडलेलाच आहे.

आता जागा. गावात असाल तर ग्रामसभा सगळ्यात चांगली, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांना बहुतेक ठिकाणी होतेच. विषय आधी लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, 'ऐनवेळचे विषय' मध्ये टाकला तर तो शेवटी येतो, तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. कोरम एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते, म्हणजे शंभर माणसं मिळाली तर सभा पक्की. ठरावाने दिल्लीत काही बंधनकारक होत नाही हे आधीच सांगून टाका, नाहीतर नंतर लोक म्हणतात आम्हाला फसवलं. महिलांची सभा आधी होते त्यात हा विषय वेगळा घ्या, कारण मोठ्या सभेत मागे बसलेल्या बायका बोलत नाहीत आणि मग त्यांचं मत म्हणून नवऱ्याचंच मत लिहिलं जातं. शहरात असाल तर बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, गणपती मंडळाचा हॉल, रिक्षा स्टँड, जिथे लोक आधीच जमतात तिथे जा, नवीन ठिकाणी बोलावलं तर तेच ते दहा जण येतात. अध्यक्षस्थानी कुठल्याच पक्षाचा पदाधिकारी नको. दोन्ही बाजूंनी एकेकाला दहा मिनिटं, घड्याळ लावून.

आता प्रश्न कसा विचारायचा, खरं काम इथेच आहे. "एक देश एक निवडणूक पाहिजे का" असं विचारलं की लोक पक्ष बघून उत्तर देतात. त्यापेक्षा आपल्याकडचं 2024 घ्या. लोकसभेला एप्रिल-मे मध्ये कांदा निर्यातबंदीचा राग होता, नाशिक-दिंडोरीच्या लोकांना सांगायला नको, आणि 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला गेल्या. मग जुलैपासून लाडकी बहीणचे 1500 रुपये सुरू झाले आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेला 288 पैकी 230 जागा महायुतीला. सहा-सात महिन्यांत उलटंच. मग विचारा, या दोन्ही निवडणुका एकाच दिवशी असत्या तर तुम्ही काय केलं असतं?

यासाठी कागद वाटा. लोकसभेची मतपत्रिका पांढरी असते आणि विधानसभेची गुलाबी, तेच रंग घ्या. पांढऱ्यावर खासदार निवडताना काय बघता ते एका ओळीत, गुलाबीवर आमदार निवडताना काय बघता ते. नाव लिहायचं नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याजवळ शाळेतली पोरं बसवा, ती छान लिहून देतात. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायचे. काहींचं दोन्हीवर एकच असतं, "पक्ष बघतो". काहींच्या पांढऱ्यावर "खताचे भाव" आणि गुलाबीवर "दवाखान्यात डॉक्टर नाही". ज्यांचे कागद वेगळे निघतात त्यांना विचारायचं, एकाच दिवशी दोन मशिनसमोर उभं राहिलात तर हा फरक डोक्यात राहील का? कुणी म्हणेल राहील, आणि त्यांच्या बाजूनेही दाखला आहे, ओडिशात 2019 ला दोन्ही एकत्रच होत्या, लोकसभेला भाजपला 21 पैकी 8 जागा आणि विधानसभेला 147 पैकी फक्त 23. कुणी म्हणेल दिल्लीच्या गोंगाटात आमच्या दवाखान्याचं कोण ऐकणार. दोन्ही लिहून घ्या, कुणाला खोडायचं नाही. मला स्वतःला दुसरा मुद्दा जास्त पटतो पण बैठकीत मी तो बोलत नाही, तुम्हीही स्वतःचं मत शेवटपर्यंत बाजूला ठेवा.

आचारसंहितेचा मुद्दा पण नक्की निघेल. 2024 मध्ये 16 मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, मग परत 15 ऑक्टोबरपासून निकालापर्यंत. लोक म्हणतात कामं बंद पडतात. इथे एवढंच स्पष्ट करा की चालू असलेली कामं आचारसंहितेत थांबत नाहीत, नव्या घोषणा आणि नवी कामं थांबतात. शिक्षकांना मात्र जरूर बोलवा, मतदार यादी, ट्रेनिंग, मतदान यात त्यांचे किती दिवस जातात आणि वर्गाचं काय होतं ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

आणि कोण आलं नाही ते बघा. बीड, अहिल्यानगर, जालन्याच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघून जातात, मार्च-एप्रिलला परत येतात. आपली विधानसभा 2014 ला 15 ऑक्टोबरला झाली, 2019 ला 21 ऑक्टोबरला, दोन्ही दिवाळीच्या आधी, पण 2024 ला 20 नोव्हेंबरला, दिवाळी झाल्यावर, म्हणजे या लोकांसाठी सगळ्यात वाईट वेळ. लोकसभेला एप्रिल-मेला ते गावात असतात. त्यांच्या दृष्टीने एकदम निवडणूक म्हणजे आमदारासाठीही गावात राहून मत देता येणं, आणि हा मुद्दा चर्चेत जवळपास कुणीच आणत नाही. तेव्हा बैठक जानेवारीत घेत असाल तर मुकादमाकडून नको, थेट कामगारांना फोन लावा, संध्याकाळी गाडी खाली झाल्यावर, आणि त्यांचं वेगळं पान करा.

शेवटी लिहिताना नुसतं "62 हो, 41 नाही" असं पाठवू नका, त्याने काही कळत नाही. किती बाया, किती पुरुष, किती तरुण, कोण आलं नाही, आणि प्रत्येक बाजूची चार-पाच कारणं लोकांच्याच शब्दात. दोन पानं पुरेत. ग्रामसभेत झालं असेल तर ठरावाची नक्कल, सूचक-अनुमोदकासकट. एक प्रत खासदाराच्या संपर्क कार्यालयात द्या आणि पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून. दुसरी संयुक्त समितीच्या अध्यक्षांच्या नावे, लोकसभा सचिवालय, नवी दिल्ली. समिती नेमली तेव्हा आपल्याकडचे सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे दोघंही तिच्यात होते, एक विरोधातले एक सत्तेतले, त्यांनाही पाठवा. समितीचं काम कुठवर आलंय ते पाठवायच्या आधी बघून घ्या, पण अहवाल आला तरी खासदाराचं मत उरतंच, घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश लागतात, सगळे 543 हजर असतील तर 362.

खासदाराकडून उत्तर आलं तर ते पुढच्या सभेत मोठ्याने वाचा. नाही आलं तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या, पोचेच्या तारखेसकट, आणि परत एक पत्र टाका.